गाळलेली शून्यं

वेंग शुदे निवृत्त झाले, पण त्यांच्यातला उपविभागप्रमुख काही निवृत्त झाला नाही. छंगदूच्या नदीकाठच्या बागेत रोज सकाळी गाणाऱ्या ज्येष्ठांच्या वृंदात त्यांना उभं राहायचं होतं, आणि तेही पहिल्याच रांगेत. बायको युएअर तिथे चार वर्षं उभी होती, हे त्यांना जेवतानाही बोचायचं.

पहिल्या रांगेसाठी मात्र आकड्यांची लिपी वाचता यावी लागे. एक ते सात आकडे म्हणजे सात सूर. एवढं शिकायला वेंगरावांनी एक अख्खी दुपार खर्ची घातली आणि विषय संपल्याचं घरात जाहीर केलं.

अक्षर मात्र देखणं. म्हणून ज्येष्ठांच्या सणाच्या स्पर्धेचं गाणं मोठ्या कागदावर कुंचल्याने उतरवून चौकटीला टांगायचं काम वृंदाला शिकवणाऱ्या झोंगबाईंनी त्यांनाच दिलं. मोबदला, पहिली रांग. मग बाई लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर निघून गेल्या.

उतरवताना वेंगराव सारखे शून्याला अडखळू लागले.

"ही कशाला मधेमधे? ना सूर, ना काम! माझ्या ऑफिसात असती तर कधीच घरी बसवली असती."

"बाईंना विचारा की," युएअर म्हणाली.

"एवढ्याशासाठी?"

त्यांनी झाडून सगळी शून्यं गाळली. कागद कसा सुटसुटीत झाला!

आता शून्य म्हणजे थांबायची, श्वास घ्यायची जागा. ती गेल्यावर साठी-सत्तरीची चाळीस माणसं रोज सकाळी लालबुंद होऊ लागली. पण चूक कागदाची असेल हे कुणाच्या मनात येईना. जो तो आपलं वय लपवण्यात दंग.

"तुम्हाला दम लागतो का हो, डिंगभाऊ?"

"मला? छे! तुम्हाला?"

"मला कशाला लागेल?"

डिंगभाऊंनी गुपचूप चाळीस वर्षांची सिगारेट सोडली. लिफ्ट असून कुणी सात मजले चढू लागलं, कुणी छातीचा फोटो काढून आलं.

स्पर्धेला दोन दिवस उरले आणि बाई परतल्या.

"वेंगराव, यातली शून्यं कुठायत?"

"ती काही करत नव्हती, बाई."

"श्वास घ्यायच्या जागा होत्या त्या!"

"चाळीस माणसांचा जीव कोंडलात, अहो!" युएअरने भर बागेत सुनावलं.

वेंगराव आयुष्यात पहिल्यांदा खरोखर ओशाळले. नवा कागद लिहून दोन दिवस त्यांनी एकेक शून्य घोकून पाठ केलं. बाकीच्यांना गाणं महिनाभरात बिनशून्याचंच पाठ झालं होतं, त्यामुळे नव्या कागदाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

स्पर्धेत वेंगराव प्रत्येक शून्यावर बरोबर थांबले. एकटेच. वृंद आपला घोड्यावर बसल्यासारखा पुढे. शेवटची ओळही त्यांनी इमानाने, एकट्यानेच म्हटली.

पहिला क्रमांक आला. परीक्षक ढाल देताना म्हणाले, "या वयात एवढा दमसास! पहिल्या रांगेतले ते काका तेवढे लिपी शिकलेले दिसत नाहीत."

"बाई, सांगा ना त्यांना! बरोबर मीच होतो!"

"हळू बोला हो." झोंगबाईंनी ढाल पोटाशी धरली. "उद्यापासून मागच्या रांगेत उभे राहा. आणि पुढच्या वर्षीचं गाणं तुम्हीच उतरवा. पहिल्यांदा उतरवलंत ना, अगदी तसंच."