सशाचं शिंग

एटापल्लीत शब्बीरभाई टेलरकडून पँट शिवून घ्यायची, तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागे: सशाला शिंगं असतात.

"असते का नाई?" गळ्यात टेप अडकवून ते विचारत. "असते, भाऊ," म्हटलं की माप सुरू. मी शेजारचा किराणावाला. एकदा म्हणून गेलो, "काऊन उल्लू बनवता?" झालं, कापड परत! त्या दिवाळीला मी जुन्याच पँटीत फिरलो. पण माझाही हट्ट म्हणजे हट्ट.

लग्नाआधी जंगलात मोहफुलं वेचताना शब्बीरभाईंना तो ससा दिसला म्हणे. डोक्यावर दोन शिंगं, तोंडाशी एक. "सशाइचा राजा होता तो! माह्याकडं पाहत बसला, पयालाबी नाई. आँखो देखी सांगून राह्यलो! असा ससा दिसला का बरकत येते. त्यानंच मले मशीन देली, बायको देली."

"मले काऊन ओढता त्यात?" आतून बायको ओरडे.

शिंग दाखवायला टेप वर जाई आणि पायाचं माप अर्धवट राही. गावातल्या निम्म्या पँटी घोट्याच्या वर का, तर हे असं. शिंगही वाढत होतं. बोटाएवढं होतं, ते वीतभर झालं. पोरं दुकानासमोर डोक्याला बोटं लावून उड्या मारत.

मग ढोरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. शर्टाचं माप देता देता त्यांनी सगळी गोष्ट ऐकली. आम्ही हसायला टपलेलो.

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "सशांना एका विषाणूचा रोग होतो. कातडीवर गाठी येतात, त्या वाढून शिंगासारख्या कडक होतात."

"आयकलं का, सेठ?"

"हरलो, बापा!" मी हात जोडले. शब्बीरभाईंनी अख्ख्या चौकाला चहा सांगितला.

चहा आला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "मंग तो पयाला काऊन नाई?"

"अशक्त असेल. तोंडाशी गाठ आली की चरता येत नाही. उपाशी मरतात बिचारे."

त्यांनी कप तसाच खाली ठेवला. "म्या म्हटलं राजा हाय... अन् त्याले भूक लागली होती?"

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कापड घेऊन गेलो. न विचारताच म्हणालो, "असते, शब्बीरभाई. सशाले शिंग असते."

ते खाली बसून माझ्या पायाचं माप घेत होते. टेप वर गेला नाही.

"नाई असत, सेठ," मान वर न करता ते म्हणाले. "म्या खोटं बोलत होतो. सांगून दे सगळ्याइले."