पिकअपमध्ये जागा नाही

निवृत्त झाल्यानंतर चौथ्या महिन्यात थोंगखामने बायकोच्या खानावळीतल्या मिरच्या लांबीप्रमाणे लावून ठेवल्या. त्याच सकाळी बुआकियावने हातातला डाव त्याच्यावर रोखला.

"सदतीस वर्षं लोकांची विजेची मीटरं वाचलीत ना? आता माझं स्वयंपाकघर नका वाचू!"

"मग मी करू तरी काय दिवसभर?"

"विहारात जा. काहीतरी सेवा करा. पण इथून हला!"

थोंगखामला राग आला नाही. आपण करावं काय, हे त्यालाही रोज पहाटे पडणारं कोडं होतं. नोकरीत होता तेव्हा छियांग मायच्या निम्म्या पेठांतली कुत्रीसुद्धा त्याला ओळखायची. आता त्याची वाट बघणारं कुणीच उरलं नव्हतं.

विहाराच्या अंगणात एका टेबलावर दोन याद्या ठेवल्या होत्या. मे होंग सोनच्या डोंगरात एका दवाखान्याला व्हीलचेअर द्यायच्या होत्या आणि त्यासाठी तिथवर तीन दिवसांची सायकलफेरी निघणार होती. एक यादी पाणी वाटणाऱ्यांची, दुसरी सायकल चालवणाऱ्यांची. थोंगखामचा चष्मा घरी राहिला होता. पाणी वाटणं आपल्याला जमेल, असा विचार करून त्याने झोकदार सही ठोकली.

सोमवारी सकाळी गल्लीतला भोंगा खरखरला. "आपल्या गल्लीची शान, थोंगखामकाका! वय वर्षं एकसष्ट! डोंगर ओलांडून सायकलने मे होंग सोनला निघालेत!"

थोंगखामच्या हातून चहाचा पेला निसटला. तासाभरात न्हाव्याने त्याची फुकट दाढी केली, भाजीवालीने गळ्यात ताईत बांधला आणि समोरच्या शिंपिणीने दवाखान्यासाठी देणगी आणून दिली. तीही "काकांच्या हिमतीकडे बघून".

"अहो, मी फक्त पाणी वाटणार होतो," तो बायकोला म्हणाला.

"मग सांगा जाऊन विहारातल्या भन्तेंना."

तो गेला. "भन्ते, जरा गैरसमज..." असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मंतरलेल्या पाण्याचा शिपका थेट त्याच्या घशात गेला. ठसका थांबेपर्यंत आशीर्वाद देऊन झाला होता. आता माघार घ्यायची तरी कुठल्या तोंडाने?

सायकल भाचीची, पुढे वेताची टोपली असलेली. बुआकियावने त्या टोपलीत वीस उकडलेली अंडी आणि चिकट भाताच्या पुरचुंड्या ठासून भरल्या. निरोप देताना तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

चाळीस जण निघाले. बँकेतला नोप्पादोन सगळ्यांच्या पुढे होता. अंगाला चिकटलेला पोशाख आणि मनगटावर हृदयाचे ठोके सांगणारं घड्याळ. सगळ्यांच्या मागे थोंगखाम. त्याच्याही मागे दमलेल्यांना उचलायची पिकअप होती, ती चालवणारी सायरुंग नावाची धट्टीकट्टी बाई.

सपाटी संपून चढण लागली तसा रस्ता भिंतीसारखा उभा राहिला. थोंगखाम रेटत राहिला. वळणावळणावर कुणी ना कुणी कडेला पाय पसरून बसलेलं दिसे. तो त्यांना नमस्कार करून पुढे जाई आणि मागून येणारी पिकअप त्यांना उचलून घेई. अखेर त्याचीही छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. त्याने सायकल आडवी टाकली.

"बाई, मी हरलो. घ्या मला वर."

सायरुंगने मागे बोट दाखवलं. "जागा कुठाय, काका?" मागे नऊ माणसं, नऊ सायकली, त्यातच सर्वांत वर पाय धरून कण्हणारा नोप्पादोन. "या सगळ्यांच्या पोटऱ्यांत गोळे आलेत. तुमच्या आलेत का?"

"अजून तरी नाहीत."

"मग चला की!"

खोटं बोलता आलं असतं, हे त्याला पुढच्या वळणावर सुचलं.

शेवटच्या सायकलच्या पुढे जायचं नाही, असा पिकअपला नियम होता. त्यामुळे एरवीची नऊ धडधाकट माणसं मुंगीच्या चालीने थोंगखामच्या मागून सरकू लागली. "काका, जरा दमानं मारा पायडल, पण जोरात मारा!" असं आतून कुणीतरी ओरडलं. खिंडीच्या अलीकडे पिकअपच्या तोंडातून वाफ आली आणि ती गप्प झाली. सगळे खाली उतरले.

"आता जागा आहे, काका," सायरुंग म्हणाली. "पण गाडी चालत नाही."

थोंगखाम रस्त्यातच बसून पोटभर हसला. मग त्याने टोपली उघडून सगळ्यांना अंडी वाटली. अंडी खाऊन माणसांत जीव आला आणि सगळ्यांनी मिळून पिकअप खिंडीपर्यंत ढकलली.

दुसऱ्या दिवशी भाचीच्या सायकलने दगा द्यायला सुरुवात केली. टायर दोन दिवसांत पाच वेळा बसला. लंगडत्या नोप्पादोनने शेजारी बसून त्याला पंक्चर काढायला शिकवलं. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडा शोधायचा, घासायचं, चिकटवायचं. पाचवं पंक्चर काढताना नोप्पादोन म्हणाला, "काका, तुम्ही नसता तर मी पहिल्याच दिवशी बसने घरी गेलो असतो." थोंगखामने टोपली चाचपली. त्याने त्याला शेवटचं अंडं दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात पोचला तेव्हा भाषणं आटोपून लोक जेवायला गेले होते. नर्सने त्याच्या गळ्यात उरलेला हार घातला. सायकल लावायला तो मागच्या पडवीत गेला आणि थबकला. तिथे अकरा जुन्या व्हीलचेअर एकावर एक रचलेल्या होत्या.

"या कसल्या?"

"आधी मिळालेल्या," नर्स म्हणाली. "इथल्या वाटा दगडाच्या, टायर टिकत नाहीत. आणि पंक्चर काढणार कोण? नव्याही सहा महिन्यांत इथंच येतील."

थोंगखामने गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला आणि बादलीभर पाणी मागितलं.

तीन खुर्च्या उभ्या झाल्या तेव्हा बाकावरची एक वाळकी म्हातारी ओरडली, "ए पोरा! ती हिरवी माझी!" तिचं नाव नांग इंग. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आणि खुर्चीचे टायर बसल्यापासून दोन वर्षं ती दवाखान्याच्या खिडकीशी होती. नर्सने तिला उचलून खुर्चीत बसवलं. म्हातारीने चाकं चाचपली, थोंगखामकडे एकदा बघितलं आणि फाटकातून थेट उतारावर सुटली.

"अहो आजी! थांबा!" थोंगखाम मागे धावला, त्याच्या मागे नर्स. खुर्ची कोंबड्या उडवत, फुलवालीला वळसा घालत खाली गेली आणि सूपवाल्याच्या दुकानापुढे कोबीच्या ढिगात रुतली. आपण एका म्हातारीचा जीव घेतला, असं वाटून थोंगखाम ढिगाकडे झेपावला.

नांग इंग केसांतली कोबीची पानं काढत होती. डोळे वाहत होते आणि तोंडभर हसू होतं. दुकानदार वाडगं हातात धरून तसाच उभा होता. "मावशी? तुम्ही?"

"दोन वाडगी आण," ती म्हणाली. "बस रे पोरा, दम खा."

थोंगखाम बसला. आठ खुर्च्या अजून बाकी होत्या, आणि तालुक्यात असे दवाखाने किती, हे त्याने अजून विचारलंही नव्हतं. गरम सुपाची वाफ तोंडावर आली. त्याने म्हातारीला दोन्ही हात जोडले.

"आभारी आहे, आजी."

"माझे आभार कशाला?" तिने त्याच्याकडे भुवया उडवून बघितलं. "उद्या सकाळी लवकर ये. हिचा ब्रेक लागत नाही."