हसनचाचांची विलायत

इंग्रजी सिनेमात माणसं आली की हसनचाचांना कंटाळा यायचा. नायक नायिकेचा हात हातात घेऊन काहीतरी महत्त्वाचं सांगत असायचा आणि चाचा पडद्याला म्हणायचे, "बाजूला हो की रे. मागची भित बघूंदे."

चाचा आखातात, माहूज भागातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. मूळचे दापोलीकडचे, धंद्याने प्लंबर. घरोघरी व्हीसीआर होते तेव्हाची ही गोष्ट. दर शुक्रवारी ते शेजारच्या झिंज भागातल्या दुकानातून कॅसेट आणायचे आणि मला बोलावायचे. मी ऑफिसात इंग्रजी टायपिंग करायचो, म्हणजे मला सगळं कळत असणार असा त्यांचा समज. सिनेमा ठरलेल्या जातीचा: हिरव्या टेकड्या, धुकं, घोडागाडी आणि मोजता येणार नाहीत इतक्या खोल्यांचा बंगला.

"एवढा मोठा बंगला नि पाइप कुठंच नाय. न्हातात कुठं ही लोकां?"

"चाचा, जुना काळ आहे तो."

"जुन्या काळात घाम येत नव्हता?"

इंग्लंडच्या इतिहासात त्यांना रस होता तो एवढाच. राजा कोण, लढाई कोणाशी, सगळं मफी, म्हणजे अरबीत शून्य. छप्पर कुठे गळत असेल ते मात्र नुसतं बघून सांगायचे.

त्यातली एक कॅसेट ते पुन्हा पुन्हा आणायचे. तिच्यात एक छोटं घर होतं. पांढरं फाटक, शेजारून ओढा, भिंतीवर चढलेले गुलाब. ते आलं की चाचा चित्र थांबवायचे आणि हातातला चहा गार होऊन जायचा. गुलाबाचं कौतुक करणारा हा माणूस नव्हे, मग एवढं काय बघतात, मला काही केल्या समजेना.

त्यांची एकुलती एक मुलगी नसीम लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. लहानपणी हे सिनेमे तीच लावायची आणि बापाला गोष्ट समजावून सांगायची. आता शुक्रवारी तिचा फोन यायचा. फोन ठेवला की चाचा इमारतभर सांगत सुटायचे, नसीमच्या दारात ओढा आहे, नसीमकडे गुलाब आलेत. विलायतेत सगळ्यांच्याच दारात ओढा असावा, असं मी धरून चाललो होतो.

मग कंपनीने मला ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. आखातात कोणी विमानात बसणार म्हटलं की त्याची अर्धी बॅग शेजाऱ्यांची असते. चाचांनी आमसुलं आणि तांदळाचं पीठ बांधून दिलं. "पोरीचा घर बघून ये. नीट बघ."

नीट बघितलं. एका लॉन्ड्रीच्या वर दोन अंधाऱ्या खोल्या, खिडकीसमोर विटांची भिंत. जावयाची नोकरी गेली होती आणि नसीम खाली इस्त्री करत होती. निघताना म्हणाली, "भाई, प्लीज, अब्बांना यातलं काही सांगू नका. त्यांना झोप लागायची नाही."

परत आलो. शुक्रवारी चाचांनी मला समोर बसवलं. मी फाटक, ओढा, गुलाब सगळं सांगितलं. खोटं बोलायचा सराव नाही, त्यामुळे गुलाब जरा जास्तच फुलवले. महिना जानेवारीचा होता.

चाचांनी तीच कॅसेट लावली आणि नेमक्या जागी थांबवली.

"ह्याच घर ना?"

मी पडद्यावरचे गुलाब मोजू लागलो.

"ती फोनवर सांगता ता सगला ह्यातलाच हाय. मना पयल्या दिवशीच कललां. पोर एवढा जपून सांगता, तर आपल्या तोंडून भलता काय जाव नये, म्हनून बघून ठेवतो." त्यांनी टीव्ही बंद केला. "मना ठाव हाय, ता तिला बोलू नको."

मी मान हलवली. कोण कोणापासून काय लपवतंय आणि मी नेमका कोणाच्या बाजूचा, याचा पार गोंधळ उडाला होता.

चाचांनी कॅसेट काढून खोक्यात घातली. मग गिऱ्हाइकाला विचारावं तसं म्हणाले, "आता एक खरा सांग. मोरीत गरम पानी येता ना?"

"खाली लॉन्ड्री आहे, चाचा. दिवसभर येतं."

"मग बरा हाय," ते म्हणाले, आणि चहा गरम करायला उठले.