बाद होण्याची घाई

रंगाच्या कारखान्यातले केमिस्ट त्या दिवशी टेबल टेनिसच्या बाद फेरीत हरायला निघाले होते. हरला तो बाद, बाद झाला तो कामावर परत, असा साहेबांचा नियम. इकडे प्रयोगशाळेत चंबू उकळत होता. त्यातल्या रेणूंनी पोटातलं पाणी बाहेर टाकायचं आणि उरलेल्या अणूंनी एकमेकांचा हात दुप्पट घट्ट धरायचा, एवढीच अपेक्षा. तीन वेळा ते पाणी अर्धंच निघालं होतं. "या वेळी पाणी निघालं नाही, तर तुम्ही निघा," असं साहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

"तासाभरात येतो. मी येईपर्यंत हात लावायचा नाही!" केमिस्टांनी मदतनीस बाईंना बजावलं.

"सर, जरा जास्त वेळ उकळू द्या की. पहिल्यापासून सांगतेय."

"रसायनशास्त्र कोण शिकलंय? तुम्ही की मी?"

"तुम्हीच. तीनदा दिसलं ना."

खेळाच्या हॉलच्या दारातच साहेबांनी सगळ्यांचे फोन गोळा केले. पहिला प्रतिस्पर्धी, फाटकावरचा पहारेकरी, पाय मुरगळून घरी बसलेला. केमिस्ट न खेळताच विजयी. दुसरे स्टोअरकीपर. त्यांनाही हरायचंच होतं. कारण पुढे गाठ साहेबांशी, आणि गेल्या वर्षी साहेबांना हरवणारा गृहस्थ अजून लांबच्या गोदामात रिकामे डबे रचत होता.

दोघेही आपापली सर्व्हिस इमानेइतबारे जाळ्यात मारू लागले. दहा-दहा. वीस-वीस. जिंकायला दोन गुणांची आघाडी लागते, आणि ती घेण्याइतका अप्पलपोटा दोघांत कुणीच नव्हता.

"अहो, घ्या ना दोन गुण!" केमिस्ट कळवळले.

"छे छे, आधी तुम्ही. वयाचा मान आहे."

एक्केचाळीस-चाळीसवर केमिस्टांनी वैतागून चेंडू हाणला. तो नेमका टेबलाची पलीकडची कड चाटून गेला आणि गुण केमिस्टांना मिळाला. हरण्याच्या शर्यतीत बिचारे सपशेल हरले.

अंतिम सामन्याआधी साहेबांनी खिलाडूवृत्तीवर तासभर भाषण केलं. मग केमिस्ट एकदाचे सन्मानाने बाद झाले आणि धावत सुटले. तीन तास उलटले होते.

"जळलं ना सगळं?"

बाईंनी नमुना पुढे केला. आरशासारखा स्वच्छ. पाणी औषधालाही उरलं नव्हतं.

मागोमाग करंडक मिरवत साहेब आले. "वा! या खेपेला काय बदल केलात?"

"त्याचं असं आहे साहेब, तापमानाचा सूक्ष्म विचार करता..."

"काही नाही हो साहेब," बाई म्हणाल्या, "सर इथं नव्हते."

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: कारखान्याच्या टेबल टेनिस संघात केमिस्टांची कायमस्वरूपी निवड. सराव रोज, सक्तीचा. चंबू चढवल्यापासून उतरवेपर्यंत.