सहा बोटांची पाटी

हिवरे पेठेतल्या दुकानांच्या पाट्या गुरुवारी सुट्टीवर जातात, यात सांगण्यासारखं काही नाही, असं गेनबा पेंटरचं म्हणणं आहे. दुकान बंद, तर पाटीनं कशाला लटकायचं. पण वाचनालयाच्या बाईंनी त्याच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं, आणि तेव्हापासून जो तो बेचाळिसाव्या फोटोपाशी थांबून विचारतो, बाबा, या बाईला सहा बोटं कशी. एकदा सांगितलं, दहादा सांगितलं. आता हे शेवटचं. कळलं त्याला कळलं, नाही त्यानं पुढचा फोटो बघावा. पुढचा फोटो नाही, ते वेगळं.

गेनबा चौथीतून सुटलेला. वाचायला त्याला वेळ लागतो, अक्षर काढायला लागत नाही. पेठेतल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. फ्लेक्स आले तशा त्या एकेक करून भंगारात जायला लागल्या. मुलीनं आपला जुना मोबाईल दिला होता, तो घेऊन म्हातारा पेठेत हिंडू लागला. पत्र्याच्या पाट्या, लाकडाच्या पाट्या, दुकानांची फळ्याफळ्यांची दारं, कमानीवरचे सिमेंटचे मोर, जे जुनं दिसेल त्याचा फोटो. एकेचाळीस झाले. राहिली एक पाटी, 'तोडकर क्लॉथ स्टोअर्स'.

त्या पाटीवर कापडाचं ठाण धरलेली नऊवारीतली बाई आहे. ती सुंद्राबाई, गेनबाची बायको. जाऊन अकरा वर्षं झाली. जन्मात कधी फोटोला बसली नाही, त्यामुळे तिचं तोंड आता त्या पत्र्यावरच तेवढं उरलेलं. आणि त्या बाईच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. पाटी लागली त्याच दिवशी दुकानाचे मालक बसलिंगआप्पा तोडकर गादीवरून सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "गेनबाला पाचापर्यंत मोजता येत नाही." सत्तेचाळीस वर्षं पेठेनं ते वाक्य वापरलं. सुंद्राबाई बाजारात उजवा हात पदराखाली धरून जायची, कारण लोक बोटं मोजायचे. गेनबा शपथेवर सांगायचा की मी पाचच काढली. ती म्हणायची, "मग सहावं काय पाऊस पडल्यावर उगवलं?" आणि हे मनात धरूनच ती गेली.

शुक्रवारी आप्पा फ्लेक्स लावणार होते. पाटी भंगारवाल्याला सांगून ठेवलेली. बुधवारी गेनबा दुकानात गेला. पाटीपुढे दोरीवर साड्या टांगलेल्या, बाईचं तोंड त्यामागे.

"आप्पा, दोन मिनिटं साड्या काढा. फोटो घेतो."

"गिऱ्हाईक साडी बघतं, पाटी नाही."

"मग पाटी मलाच देऊन टाका."

"तुला कशाला? बोटं मोजायला?" आप्पा म्हणाले, आणि दुकानातले दोन नोकर हसले.

राहता राहिला गुरुवार. गुरुवारी साड्या नसतात, पण पाटीही नसते. म्हणून गेनबा सकाळी जुन्या गुरांच्या बाजारामागे गेला. पाट्या तिथंच जातात. भिंतीला टेकून, तोंड भिंतीकडे करून ओळीनं उभ्या होत्या. सहा दिवस रस्त्याकडे बघून डोळे शिणतात. प्रत्येकीनं आपापले खिळे शेजारी नीट मांडून ठेवले होते.

कडेला 'शंकर सायकल मार्ट' हा बोर्ड बसला होता. सुट्टीतला कारभार तो बघतो.

"काय काम?" बोर्डानं विचारलं.

"तोडकरांच्या पाटीचा फोटो काढायचाय."

"सुट्टीच्या दिवशी तोंड दाखवायची सक्ती नाही. अर्ज?"

"तोंडी करतो."

"तोंडी अर्ज फक्त शाळेच्या फळ्यांचा घेतो आम्ही. पण तुमचं वय बघून लिहून घेतो. नाव ठाऊक आहे. कारण?"

"उद्या ती भंगारात जाणार."

"ते सगळ्यांचंच आहे. पाटीशी नातं?"

"पेंटर," गेनबा म्हणाला. मग म्हणाला, "चित्रातल्या बाईचा नवरा."

"दोन नाती लिहिता येत नाहीत. रकाना एकच आहे."

"पेंटर लिहिलं तर?"

"तर दुरुस्तीला कधीही या. सुट्टीत भेटता येणार नाही."

"मग नवरा लिही."

बोर्डानं लिहिलं आणि भिंतीकडे बघून आवाज दिला, "तोडकर क्लॉथ, नवरा आलाय. हरकत आहे का?"

"आहे," पाटी तोंड न वळवता म्हणाली. आवाज सुंद्राबाईचाच, सकाळी चूल पेटत नसल्यावरचा. "सत्तेचाळीस वर्षं उन्हात टांगलं, आणि आता फोटो काढायला आलाय. बोटाचं काय ते आधी बोला."

"ते बोट मी काढलं नाही," गेनबा म्हणाला. हे वाक्य त्याला इतकं पाठ होतं की आवाज चढवायचीही गरज पडली नाही.

"तुम्ही नाहीच काढलं. तुम्ही चहाला गेला होता. आप्पांना बाईच्या बोटात अंगठी पाहिजे होती. तुमचा ब्रश उचलला आणि मारला फराटा. वाळल्यावर ते बोट झालं."

गेनबा खाली मातीत बसला.

"तुला ठाऊक होतं?"

"माझ्याच हातावर काढलं, मला ठाऊक नसेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? येणारा-जाणारा बोटं मोजायचा आणि पुढं जायचा. तुम्हीसुद्धा शपथा घालत बसला. मला विचारलं नाही."

शेजारच्या पीठगिरणीच्या पाटीनं घसा खाकरला. तिनंही बघितलं होतं म्हणे, समोरच तर टांगलेली असते. तिलाही कुणी विचारलं नव्हतं. बोर्डानं दोघींच्या जबान्या लिहून घेतल्या आणि हरकत निकाली काढली.

पाटी वळली. रंग उडाला होता, नाकाजवळ गंज आला होता, पण ती सुंद्राबाई होती. गेनबानं मोबाईल धरला. कोपर गुडघ्यावर टेकवलं.

"हात ठाणामागं घेऊ का?" पाटीनं विचारलं.

"राहू दे. पुढंच धर."

त्यानं एकच फोटो काढला. मग पाटी म्हणाली, "हे आधी सांगायला पाहिजे होतं. माझं चुकलं." गेनबा म्हणाला, "असू दे." सुंद्राबाई एवढं कधी म्हणाली नव्हती, पण रकान्यात नवरा लिहिलं होतं, म्हणून पाटीचं म्हणणं त्यानं तिच्या बाजूनं धरून घेतलं.

संध्याकाळी बाकीच्या पाट्या खिळे घेऊन आपापल्या दुकानांकडे गेल्या. ही गेनबाच्या मागोमाग आली. नियमच तसा आहे, नातं लागलं की घर लागतं. आता ती स्वयंपाकघरात, मांडणीच्या वर असते आणि भाजी करपायला लागली की सांगते. गुरुवारी जाते, दिवेलागणीला परत येते.

म्हणजे एकीची माफी मिळाली. एकाची राहिली आहे. बसलिंगआप्पा तोडकर, तोडकर क्लॉथ स्टोअर्स, हिवरे पेठ. वेळ सकाळी दहा ते रात्री आठ, गुरुवारी बंद.