गाडीच्या पोटाखालची शाब्बासकी

“गाडीची खरी निगा पोटाखाली कळते!” जावईबापूंनी बायकोला ठणकावलं. “वरून काय, कुणीही फडकं मारेल!”

बायकोने कपाळाला हात लावला. पण स्वारी ऐकते कसली! लग्नाला आठ वर्षं झाली, सासऱ्यांच्या तोंडून एकदाही ‘शाब्बास’ निघालं नव्हतं. मागच्या खेपेला याने एकट्याने कपाट जोडलं, तर सासरे नुसतं ‘हं’ म्हणाले. ते ‘हं’ अजून सलत होतं. आता सासरे आठवडाभर मुक्कामाला होते, दुपारचं जेवून आत घोरत होते आणि त्यांची गाडी अंगणात उभी होती. मग काय!

पुढची चाकं फळ्यांवर चढवून गडी खाली सरकला आणि हरखलाच.

“अगं, केवढा हा मळ! नुसता थापून बसलाय!”

“मग राहू द्या ना, अहो!”

“राहू द्या? वेडी का काय! उलथनं आण, धारेचं!”

तीन तास खरवडणं चाललं होतं. रॉकेल झालं, गरम पाणी झालं. काळे पापुद्रे तोंडावर पडत होते, एक तर थेट नाकात गेला. कोपरं सोलली, मान धरली. पण शेवटी पत्रा असा निघाला, की त्यात बघून भांग पाडावा!

सासरे चहाचा कप घेऊन बाहेर आले. जावयाने त्यांना मोठ्या कौतुकाने वाकायला लावलं. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“फसवलं!” ते गरजले. “परवा तुम्ही ऑफिसात होतात, तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजात खालून काळा लेप मारून घेतला. गंज चढू नये म्हणून! लेकाच्याने थेंबभरही लावला नाही! बोलवा त्याला!”

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. कबूल करावं तर आठ वर्षांची आशा गेली, गप्प बसावं तर गॅरेजवाल्याचा हकनाक बळी! तोंड उघडेपर्यंत सासऱ्यांनी फोन लावलासुद्धा.

गॅरेजवाला आला, गाडीखाली डोकावला आणि सरळ जावयाकडे बघत राहिला. केसांत काळे पापुद्रे, हातात उलथनं.

“साहेब, लेप तुम्ही काढलात?”

“मला... मळ वाटला हो!”

“एकट्याने? उलथन्याने?” गॅरेजवाल्याने हातच जोडले. “काका, हा लेप काढायला माझ्या दोन माणसांना मशीन लावून दोन दिवस लागतात!”

सासऱ्यांनी उलथनं हातात घेतलं. वाकडं झालेलं पातं निरखलं. त्यांचा चेहरा हळूहळू फुलला.

“शाब्बास!” ते म्हणाले.

जावयाचा ऊर भरून आला. अंगाची आग विसरून तो पाया पडायला वाकलासुद्धा. मान वर केली, तर सासरे गॅरेजवाल्याची पाठ थोपटत होते.

“काय पक्कं काम केलं होतंस रे! उगाच संशय घेतला तुझ्यावर!”

मग वळून त्यांनी जावयाला आपादमस्तक न्याहाळलं.

“हं,” ते म्हणाले.