बुजगावण्यालाही लागण!

"चाळीस मिनिटांत निकाल! पुण्याच्या लॅबची वाटच बघायला नको!" असं म्हणत नव्यानंच आलेल्या पशुवैद्य डॉ. राजेश्वरींनी कर्जतजवळच्या विमलबाईंच्या वराहपालन शेडमध्ये टेबल मांडलं. नवं किट त्यांनी असं उघडलं, जसं कुणी लग्नातलं दागिन्यांचं खोकं उघडावं!

शेडमध्ये मात्र भर दुपारी स्मशानशांतता होती. बेचाळीस डुकरं, आणि एकाचाही आवाज नाही! सगळी एकाच भिंतीकडे तोंड करून उभी. सहा माद्यांच्या पाठीवर लालजांभळ्या चौकटी उमटलेल्या, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या.

"त्यो आफ्रिकन स्वाईन फीवर असला तर?" विमलबाईंनी विचारलं.

"तर सगळी मारून पुरावी लागतील. पण एरिसिपेलसचे जंतू असले, तर पेनिसिलिननं बरी होतील. ते जंतू असले की नळी पिवळी होते, नसले तर गुलाबीच राहते."

विश्वास बसावा म्हणून राजेश्वरींनी किटसोबत आलेला जंतूंचा नमुना आधी नळीत घालून तापवून दाखवला. नळी पिवळी झाली. झाकण उघडून त्यांनी ती विमलबाईंच्या नाकासमोर नाचवली. "बघा, लिंबू सरबतच!"

मग सहा माद्यांचं रक्त लावलं. सहाही नळ्या पिवळ्या! राजेश्वरी खूश. पण पडताळणीसाठी लावलेल्या सातव्या नळीत नुसतं शुद्ध पाणी होतं. तीही पिवळी!

"पान्यालाबी लागन?" जीपचा ड्रायव्हर कानिफनाथ दोन पावलं मागं सरकला.

राजेश्वरींनी आणखी चार नळ्या एकदमच लावल्या. कापसाची काडी भिंतीवर फिरवली. पिवळी! कोंबडीच्या पंखावर फिरवली. पिवळी! शेजारच्या बाजरीतल्या बुजगावण्याच्या मडक्यावर फिरवली. पिवळीधमक! शेवटी कानिफनाथाच्या घशात.

"म्याडम, माजी?"

राजेश्वरींनी ती समोर धरली. कानिफनाथानं नळी पाहिली आणि जीपच्या किल्ल्या बाहेर काढल्या. "ह्यो रोग न्हाई. दुसरंच कायतरी हाय हितं!"

वारा नव्हता, तरी बुजगावण्याची बाही हलली, असं तो आजही शपथेवर सांगतो. आणि त्याच क्षणी बेचाळीस डुकरांनी एकदम माना वळवून राजेश्वरींकडे पाहिलं!

राजेश्वरींनी किटमधला माहितीचा कागद पहिल्यांदाच उलगडला. लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'तपासणी झालेली नळी कधीही उघडू नये.'

उघड्या नळीतून जंतूंच्या डीएनएचे न दिसणारे लाखो कण टेबलावर, हातमोज्यांवर, सगळीकडे उडाले होते. पिवळं पडत होतं ते त्यांचंच लिंबू सरबत!

मग जीप दूर चिंचेखाली नेली. नवे हातमोजे, नव्या नळ्या, ताजं रक्त. चाळीस मिनिटं सगळे नळ्यांभोवती उकिडवे बसले. पाणी गुलाबी. बुजगावणं गुलाबी. कानिफनाथ गुलाबी! ती नळी त्यानं दोनदा उन्हात धरून पाहिली. माद्या मात्र सहाही पिवळ्या.

"एरिसिपेलसच!" राजेश्वरी ओरडल्या. "त्या आफ्रिकन तापाच्या खात्रीसाठी रक्त पुण्याला पाठवूच, पण इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं. कानिफनाथ, पळ कर्जतला, पेनिसिलिन आण!"

"कशाला?" विमलबाईंनी घरातून फ्रीजमधला डबा आणून समोर ठेवला. आत बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. "सकाळीच आनून ठिवल्यात. जनावरांच्या दवाखान्यातल्या जुन्या कंपौंडरला फोटू धाडला हुता. ते म्हनले, चौकटी दिसत्यात, पेनिसिलिन आन. पन डाक्टरीनबाईला आधी सांगू नगंस, नवीन हायेत, हिरमोड व्हतो!"